नेटफ्लिक्सला स्वतःचं डेटा सेंटर सोडायला सात वर्षं का लागली

आज नेटफ्लिक्स म्हटलं की वेब सिरीज आणि पासवर्डवरून घरात होणारी भांडणं आठवतात, पण २००८ साली ही कंपनी मुख्यतः अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवायची. वेबसाईटवर आपली यादी करून ठेवायची, डीव्हीडी घरी यायची, बघून झाली की लाल पाकिटात घालून परत टाकायची, की यादीतली पुढची निघाली. स्ट्रीमिंग जानेवारी २००७ ला चालू झालं होतं, पण तेव्हा ते वर्गणीसोबत मिळणारं ज्यादाचं काहीतरी होतं. तर ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या मुख्य डेटाबेसमधला डेटा करप्ट झाला आणि तीन दिवस कंपनीला गिऱ्हाइकांना डीव्हीडी पाठवताच आल्या नाहीत. गोदामं जागेवर, माणसं जागेवर, डीव्हीडी रॅकमध्ये पडलेल्या, फक्त कोणाला काय पाठवायचं ते सांगणारा एक डेटाबेस बंद, त्यामुळे सगळंच बंद.

क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, जाण्याच्या गप्पांमध्ये ही केस नेहमी येते, आणि बहुतेक वेळा ती अशी सांगितली जाते की नेटफ्लिक्सचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची त्यांची जागा, बंद पडलं, ते ॲमेझॉनकडे गेले, आणि मग सगळं छान झालं. मला ती केस आवडते ती नेमकी याच्या उलट कारणासाठी, कारण ॲमेझॉनकडे गेल्यावरही ते पडले, चांगले ख्रिसमसच्या आदल्या दिवशी पडले, आणि मधल्या वर्षांमध्ये त्यांनी मशीनं हलवण्यापेक्षा आपलं सॉफ्टवेअर लिहायची पद्धत बदलण्यात जास्त वेळ घालवला. आपल्याकडे 'सर क्लाउडवर टाकून देऊ, दोन आठवड्यात होतं' असं सांगणारे व्हेंडर गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या पार्श्वभूमीवर ही सात वर्षं नीट बघण्यासारखी आहेत.

आधी त्यांचं निदान काय होतं ते बघू. डेटा करप्ट झाला यात नवल काही नाही, हे कुठेही होतं. त्यांनी त्यातून जे ताडलं ते असं की आपली पूर्ण रचनाच 'एकच मोठं मशीन' या तत्त्वावर उभी आहे. डेटा सेंटरमध्ये एक तगडा ओरॅकल डेटाबेस, लोड वाढला की त्याहून तगडं मशीन आणायचं, त्याला अजून मेमरी, अजून महागडा स्टोरेज. याला व्हर्टिकल स्केलिंग म्हणतात आणि ते चालतं तोपर्यंत फार सुखाचं असतं, कारण ट्रान्झॅक्शन (व्यवहार पूर्ण तरी होणार नाहीतर अजिबात नाही, अर्धवट राहणार नाही), जॉइन (दोन तक्त्यांमधला डेटा जोडून बघणं), सगळं एका ठिकाणी मिळतं, प्रोग्रामरला डोकं लावावं लागत नाही. पण ते एक मशीन आडवं झालं की कंपनी आडवी. मग त्यांनी ठरवलं की लहान लहान बऱ्याच मशीनवर पसरलेली रचना करायची, ज्यात कुठलंही एक मशीन गेलं तरी धंदा चालू राहील. म्हणजे सिस्टिम नव्याने बांधायचीच होती. आणि नव्याने बांधायचीच आहे तर स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये कशाला, हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम लक्षात ठेवा, आपल्याकडे बरोबर उलटा असतो, आधी क्लाउड ठरतं आणि कशासाठी ते नंतर बघू म्हणतात.

दुसरं कारण अंदाजाचं होतं, आणि ते मला जास्त पटतं. नेटफ्लिक्सचे इंजिनिअर तेव्हा मोकळेपणाने लिहायचे, त्यात त्यांनी सरळ कबूल केलं होतं की आमचे ग्राहक किती वाढतील याचा अंदाज आम्हाला नीट बांधता येत नाही. २००९ च्या शेवटी त्यांचे सव्वा कोटीच्या आसपास ग्राहक होते, २०१० च्या शेवटी २ कोटी. एका वर्षात. आणि त्यात एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, वी, आयफोन असं एकेक नवीन उपकरण जोडलं की लोकांचं बघणंच वाढायचं, म्हणजे माणसं दीडपट झाली तर लोड किती पट होईल याचा नेम नाही. डेटा सेंटर असं वाढत नाही. जागा, वीज, कूलिंग, रॅक, सर्व्हरची ऑर्डर, आलेला माल बसवणं, सगळ्याला महिने जातात आणि तोवर अंदाज चुकलेला असतो. कमी घेतलं तर साईट रडते, जास्त घेतलं तर मशीनं धूळ खात बसतात आणि सीएफओ तुमच्याकडे बघत बसतो.

क्लाउड म्हणजे नक्की काय भाड्याने घेतलं

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. ॲमेझॉनने मार्च २००६ ला एस थ्री काढलं, म्हणजे फाईली ठेवायची जागा, जितकी वापराल तितके पैसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसीटू आलं, म्हणजे तासाच्या हिशोबाने सर्व्हर भाड्याने. कॉल करायचा नाही, कोटेशन मागवायचं नाही, प्रोग्राममधून मागितलं की काही मिनिटांत मशीन तयार, काम झालं की बंद करा, मीटर थांबला. घरच्या लग्नात हजार माणसं जेवायची म्हणून कोणी हजार ताटं विकत घेऊन माळ्यावर ठेवत नाही, केटरर त्याची ताटं आणतो आणि पंगत उठली की घेऊन जातो, हिशोब तोच. नुसती मशीनं भाड्याने घेतली तर त्याला आयएएएस म्हणतात, त्यावर डेटाबेस वगैरे तयार चालवून मिळाला तर पीएएएस, आणि थेट पूर्ण सॉफ्टवेअरच ब्राउझरमध्ये वापरायला मिळालं तर एसएएएस. जीमेलवर ऑफिसची मेल चालवणारा प्रत्येक दुकानदार तिसऱ्या प्रकारात केव्हाच क्लाउडवर आहे, त्याला फक्त कोणी तसं सांगितलेलं नाही.

नेटफ्लिक्सने पहिला प्रकार मोठ्या प्रमाणावर घेतला, आणि तोही ॲमेझॉनकडून, जे स्वतः व्हिडिओ विकायच्या धंद्यात होते. तेव्हा बऱ्याच लोकांनी भुवया उंचावल्या, स्पर्धकाच्या खळ्यावर आपलं धान्य का न्यायचं म्हणून. त्यांचं म्हणणं साधं होतं की डेटा सेंटर चालवणं हे आमचं काम नाही, ते यांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं आणि आमचे इंजिनिअर त्यापेक्षा लोकांना काय बघायला आवडेल यावर डोकं लावू देत.

उचलून ठेवणं आणि नव्याने बांधणं

आता खरा मुद्दा. क्लाउडवर जायचे मुख्य दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं उचलायचं आणि भाड्याच्या मशीनवर ठेवायचं, धंद्यात याला लिफ्ट अँड शिफ्ट म्हणतात. लवकर होतं, स्वस्तात होतं, आणि बहुतेक कंपन्या तेच करतात. अडचण एवढीच की तुमच्या सिस्टिमचे सगळे जुने आजारही सोबत उचलून नेले जातात. डेटा सेंटरमध्ये एकाच मोठ्या डेटाबेसवर टांगलेली सिस्टिम क्लाउडमध्येही एकाच डेटाबेसवर टांगलेली राहते, फक्त आता तो डेटाबेस तुम्हाला दिसत नाही आणि त्याला हात लावता येत नाही. उलट जरा वाईटच, कारण क्लाउडमधलं एकेक मशीन हे तुमच्या लाडाकोडाने सांभाळलेल्या सर्व्हरपेक्षा जास्त बेभरवशाचं असू शकतं, शेजारी कोण आहे ते माहीत नाही, नेटवर्कचा वेग कधी असा तर कधी तसा, आणि मशीन कधीही गायब होऊ शकतं.

नेटफ्लिक्सने दुसरा रस्ता धरला, जवळपास सगळं नव्याने लिहायचा. एक मोठा एकसंध प्रोग्राम होता तो फोडून शेकडो छोट्या सर्व्हिसेस केल्या, शिफारशी दाखवणारी वेगळी, सर्चची वेगळी, कुठल्या उपकरणाला कुठली फाईल द्यायची ते ठरवणारी वेगळी. ज्याला आज मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात आणि इंटरव्ह्यूला विचारतात, ते पुढे इतकं गाजलं त्यात नेटफ्लिक्सचा मोठा वाटा आहे. यात ऑफिसातली व्यवस्थाही बदलावी लागली. आधी रिलीज सगळ्यांचा एकत्र, परवानग्या, मीटिंगा, हार्डवेअर मिळायची वाट. नंतर प्रत्येक टीम आपली सर्व्हिस आपल्या वेळेला सोडते आणि रात्री ती पडली तर तीच टीम उठते. हे ऐकायला सोपं वाटतं. ज्यांनी ऑफिसात डेव्हलपर आणि सर्व्हरवाले यांच्यातली जुनी दुश्मनी बघितलीये त्यांना कळेल की हे किती अवघड असतं.

सुरुवात कुठून केली तर व्हिडिओ एन्कोडिंग आणि लॉगची, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय घडलं त्या नोंदींची छाननी. एक सिनेमा वेगवेगळ्या उपकरणांसाठी वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये बनवायचा असतो, ते काम बाजूला बसून करता येतं, फसलं तर परत चालवायचं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. २०१० मध्ये मग साईटची पानं, सर्च, प्ले दाबल्यावर होणारी कामं एकेक करून हलवली. हे एकेक करून हलवणं फार त्रासाचं असतं, कारण मधल्या काळात अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे असतं. डेटा सेंटरमधल्या ओरॅकलमध्ये झालेला बदल क्लाउडमध्ये पोचला पाहिजे आणि तिकडचा इकडे, त्यासाठी त्यांनी वेगळं सॉफ्टवेअर लिहिलं जे फक्त दोन्हीकडचा डेटा जुळवत बसायचं. मायग्रेशनच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोणीच धरत नाही आणि खरा घाम इथेच निघतो.

डेटाबेसचीही गंमत आहे. आधी ते ॲमेझॉनच्या सिंपलडीबीवर गेले. त्यात ओरॅकलमधल्या सवयीच्या कितीतरी गोष्टी नव्हत्याच. जॉइन नाही, ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारं काम) नाही, नेहमीचे ट्रान्झॅक्शन नाहीत, आणि प्रत्येक किंमत ही अक्षरांची माळ म्हणूनच साठवायची, म्हणजे आकड्यांची तुलना नीट व्हावी म्हणून पुढे शून्यं लावून ठेवायची, नाहीतर १० हा ९ च्या आधी येणार. शिवाय लिहिलेलं लगेच वाचलं तर जुनंच मिळू शकतं, थोड्या वेळाने सगळीकडे सारखं होईल एवढीच हमी. ओरॅकलवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. पण मग तुम्ही विचार करायला लागता की लगेच अचूक असण्याची गरज खरंच कुठे आहे. तुमच्या यादीत आत्ता टाकलेला सिनेमा दुसऱ्या टीव्हीवर पाच सेकंदांनी दिसला तर कोणाचं काय बिघडतं? काही नाही. कार्डावरून पैसे दोनदा कापले गेले तर? बिघडतं. म्हणजे सगळ्या डेटाला एकच कडक नियम लावायची गरज नसते, कुठल्या डेटाला किती सैल सोडायचं हे धंद्याने ठरवायचं, डेटाबेस विकणाऱ्याने नाही. पुढे ते कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसवर गेले, जो ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरायला खुला आहे आणि एकाच डेटाच्या प्रती अनेक मशीनवर ठेवतो.

माकडं

मशीन कधीही जाईल हे तोंडाने सगळेच म्हणतात. नेटफ्लिक्सने त्यावर एक प्रोग्राम लिहिला, केऑस मंकी, जो चालू सिस्टिममधली मशीनं मुद्दाम, कुठलीही, न विचारता बंद करतो. टेस्ट सर्व्हरवर नाही, खऱ्या, जिथे लोक सिनेमा बघतायत तिथे. आणि तो ऑफिसच्या वेळातच चालवायचा, कारण इंजिनिअर जागेवर असताना काय मोडतं ते कळलं तर ते दुरुस्त करतील, रात्री तीनला कळण्यापेक्षा बरं. याचा परिणाम असा होतो की तुमची सर्व्हिस एका मशीनवर अवलंबून असेल तर ते वर्षभराने एखाद्या दुर्घटनेत नाही, याच आठवड्यात कळतं, आणि मग कोणाला प्रवचन द्यावं लागत नाही. २०१२ मध्ये त्यांनी हा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या जोडीला अजून माकडं होती, कोणी मुद्दाम उत्तर उशिरा देतं, कोणी विनाकारण चालू राहिलेली मशीनं शोधून काढतं (हे शेवटचं माकड आपल्याकडे प्रत्येक कंपनीत हवं, त्यावर पुढे येतो).

२१ एप्रिल २०११ ला पहिली मोठी परीक्षा झाली. ॲमेझॉनचा अमेरिकेच्या पूर्वेकडचा रीजन, व्हर्जिनियातला, तिथे ईबीएस नावाचा डिस्कचा प्रकार अडकला आणि रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर अशा बऱ्याच साईट्स दिवसच्या दिवस लंगडत होत्या. नेटफ्लिक्स जवळपास नीट चालू राहिलं. कारण त्यांच्या सर्व्हिसेस मशीनवर काही लक्षात ठेवत नव्हत्या, डेटाच्या प्रती वेगवेगळ्या झोनमध्ये होत्या आणि त्या डिस्कवर त्यांचा फार भर नव्हता. झोन म्हणजे एकाच शहरपट्ट्यातली पण वीज आणि नेटवर्क वेगळं असलेली डेटा सेंटरं, आणि असे काही झोन मिळून एक रीजन. इथपर्यंतचा भाग कॉन्फरन्समध्ये सगळे सांगतात.

पुढचा भाग कमी सांगतात. २४ डिसेंबर २०१२, ख्रिसमसची आदली दुपार, अमेरिकेत घराघरात पाहुणे, टीव्हीपुढे बसायची वेळ. ॲमेझॉनच्या त्याच पूर्वेकडच्या रीजनमध्ये देखभालीची एक प्रक्रिया चुकून खऱ्या सिस्टिमवर चालवली गेली आणि लोड बॅलन्सरची माहितीच पुसली गेली. लोड बॅलन्सर म्हणजे आलेली रिक्वेस्ट मागच्या कुठल्या मशीनकडे पाठवायची ते सांगणारा दारवान. मागची मशीनं ठणठणीत, डेटा ठणठणीत, दारवानालाच रस्ता आठवेना. अमेरिका, कॅनडा आणि लॅटिन अमेरिकेत टीव्हीला जोडलेल्या बऱ्याच उपकरणांवर नेटफ्लिक्स दुपारपासून रात्रीपर्यंत बंद होतं. ब्रिटनमध्ये मात्र काही झालं नाही, कारण तिथलं काम युरोपातल्या रीजनवरून चालायचं.

इथे नीट बघा. त्यांनी मशीन जाईल याची तयारी केली होती, झोन जाईल याचीही केली होती, पण रीजनमध्ये सगळ्यांना लागणारी एक सेवाच जाईल याची नव्हती. माकडांनी जे मोडून बघितलं नव्हतं नेमकं तेच मोडलं. आणि ॲमेझॉनला शिव्या देऊन हात झटकणं सोपं होतं, चूक त्यांच्याकडचीच होती, पण वर्गणी भरणाऱ्या माणसाला व्हर्जिनियात कोणी काय पुसलं याच्याशी घेणंदेणं नसतं. करारात लिहिलेली नुकसानभरपाई म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट, त्यात ख्रिसमस परत येत नाही.

मग २०१३ मध्ये त्यांनी अमेरिकेतच पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन रीजन एकाच वेळी चालते ठेवायला सुरुवात केली, दोन्हीकडे खरे ग्राहक, दोन्हीकडे पूर्ण डेटा, एक पडला तर सगळी वाहतूक दुसरीकडे वळवायची. आणि हे खरंच होतं का ते बघायला माकडाचा थोरला भाऊ, केऑस काँग, जो पूर्ण रीजन गेला असं समजून सगळ्यांना दुसरीकडे हलवायची रंगीत तालीम करतो. २० सप्टेंबर २०१५ ला त्याच पूर्वेकडच्या रीजनमध्ये डायनॅमोडीबी हा ॲमेझॉनचा डेटाबेस पडला आणि त्याच्यावर टेकलेल्या इतर सेवा पण गेल्या, तेव्हा नेटफ्लिक्सला थोडासाच धक्का बसला आणि ते बाजूला सरकले. तालमी केलेल्या होत्या म्हणून. दोन रीजन चालवायचे म्हणजे खर्च वाढतो हे उघड आहे. आणि इथे मी लोकांशी नेहमी वाद घालतो, कारण 'आम्ही क्लाउडवर आहोत म्हणजे बॅकअपची काळजी नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. क्लाउडवाला तुम्हाला दुसरा रीजन विकतो, फुकट देत नाही, आणि तो जोडून, डेटा पाठवत ठेवून, तालीम करून बघणं हे तुमचं काम.

सगळ्यात शेवटी बिलिंग

२०१५ च्या आधीच ग्राहकांना दिसणारं सगळं क्लाउडवर गेलं होतं. उरलं होतं बिलिंग, पैशाचा हिशोब. तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. वर्षानुवर्षं साचलेला डेटा, ऑडिटचे नियम, कार्डांची माहिती, आणि दर महिन्याला प्रत्येकाचे पैसे बरोबर एकदाच कापले गेले पाहिजेत, शून्य वेळा नाही आणि दोनदा नाही.

त्यांनी केलेली युक्ती मला भारी वाटते. जुन्या देशांना हात न लावता आधी नवीन सुरू होणारे देश थेट क्लाउडवर चालू केले, त्यांचा डेटा मागे डेटा सेंटरमध्ये पाठवत राहिले म्हणजे तिकडचे जुने बॅच प्रोग्राम चालू राहतील. नवीन देशात जुना इतिहास नसतो, गिऱ्हाईक कमी असतात, चुकलं तरी निस्तरता येतं. मग हळूहळू जुने देश आणले, आणि शेवटी ओरॅकलमधला उरलेला हिशोबाचा डेटा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर नेला. सगळं कॅसँड्रात नाही टाकलं हे महत्त्वाचं, पैशाला ट्रान्झॅक्शन लागतात म्हणून तिथे साधा रिलेशनल, म्हणजे ओरॅकलसारखाच तक्त्यांचा डेटाबेसच ठेवला. फॅशन म्हणून नवीन घेतलं नाही आणि जुनं म्हणून टाकलं नाही.

४ जानेवारी २०१६ ला बिलिंग पूर्णपणे क्लाउडवर गेलं. ६ जानेवारीला लास वेगसमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी स्टेजवरून सांगितलं की आत्ता, भाषण चालू असताना, नेटफ्लिक्स १३० नवीन देशांत सुरू झालंय. त्यात भारत होता, म्हणजे आपल्याकडे ज्या दिवशी पहिल्यांदा कोणी वर्गणी भरली तेव्हा मागची हिशोबाची सिस्टिम नवीन घरात येऊन दोन दिवस झाले होते. २००८ च्या तुलनेत ग्राहक आठपट झाले होते, आणि बघण्याचं प्रमाण तर आठ वर्षांत हजार पटीच्या घरात वाढलं होतं. ही वाढ स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये रॅक लावून गाठता आली नसती असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं असावं.

खर्चाचं काय? त्यांनी स्पष्ट सांगितलंय की खर्च वाचवणं हे मुख्य कारण नव्हतं, तरी शेवटी एकेका स्ट्रीममागचा खर्च डेटा सेंटरच्या मानाने कितीतरी कमी आला. पण हे वाक्य आपल्या प्रेझेंटेशनमध्ये चिकटवण्याआधी लक्षात घ्या की त्यांचा लोड दिवसात प्रचंड वरखाली होतो, संध्याकाळी चढतो, पहाटे उतरतो, आणि त्यांचं सॉफ्टवेअर त्याप्रमाणे मशीनं आपोआप वाढवतं आणि सोडतं. ज्याचा सर्व्हर चोवीस तास सारखाच चालतो त्याला भाडं भरून वाचत काही नाही.

जे क्लाउडवर गेलंच नाही

दोन गोष्टी. एक म्हणजे डीव्हीडीचा धंदा, त्याच्या सिस्टिम्स जुन्या डेटा सेंटरमध्येच राहिल्या. जो धंदा वाढणार नाही त्याच्यासाठी नव्याने लिहायचा खर्च कशाला.

दुसरी मोठी आहे. तुम्ही प्ले दाबेपर्यंत जे काही होतं, लॉगिन, शिफारशी, सर्च, पोस्टर, ते सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर. प्ले दाबल्यावर जो व्हिडिओ येतो तो मात्र तिथून येत नाही. तो येतो ओपन कनेक्ट नावाच्या नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या नेटवर्कमधून, जे त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं. व्हिडिओ ठासून भरलेली त्यांची स्वतःची मशीनं ते इंटरनेट कंपन्यांना फुकट देतात, कंपनी ती आपल्या नेटवर्कमध्ये बसवते, आणि लोक झोपलेले असतात त्या वेळात उद्या काय बघितलं जाईल याचा अंदाज घेऊन ती भरून ठेवली जातात. क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतात, आणि यांचा तर बाहेर जाणारा डेटा हाच धंदा. म्हणजे क्लाउडचं सगळ्यात गाजलेलं गिऱ्हाईक आपलं सगळ्यात वजनदार काम स्वतःच्या लोखंडावर करतं. हे ऐकून बरेच जण चमकतात, पण यात विसंगती काही नाही, ज्या कामाचा अंदाज येत नाही ते भाड्याने आणि ज्या कामाची मात्रा प्रचंड आणि ठरलेली ते स्वतःचं.

आपल्याकडे हे कितपत लागू

चाकण, अंबड, इचलकरंजीकडे ज्या कंपन्या असतात, तीस-चाळीस माणसं, टॅली, एक कोणीतरी पूर्वी लिहून दिलेला स्टॉकचा प्रोग्राम, आणि सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या टेबलाखाली यूपीएसला लावलेला एक डबा ज्याला पाय लागला की सगळ्यांचं काम थांबतं, त्यांना मायक्रोसर्व्हिसेस नकोत आणि माकड तर अजिबात नको. तिथे सरळ उचलून ठेवणं चालतं, किंवा त्याहून बरं म्हणजे तयार ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरणं. रीजनचीही आता अडचण नाही, मायक्रोसॉफ्टचे २०१५ मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईत आले, ॲमेझॉनचा मुंबईत २०१६ च्या जूनमध्ये. पेमेंटच्या धंद्यात असाल तर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय की पेमेंटचा डेटा भारतात ठेवा, तेव्हा रीजन निवडताना स्वस्त दिसला म्हणून सिंगापूरवर टिक करू नका.

नेटफ्लिक्सकडून अशा कंपनीने घेण्यासारखा आहे तो क्रम. आधी ते हलवा जे फसलं तर गिऱ्हाइकाला कळणार नाही, जुन्या फाईली, बॅकअप, मेल. मग नवीन काही सुरू करताय, नवी शाखा, नवी डीलर एंट्री, तर ते थेट तिकडेच सुरू करा. पैशाचा हिशोब शेवटी, आणि तोही मार्च एंडला नाही, देवा शपथ मार्च एंडला नाही. मधले काही महिने दोन्हीकडे चालवायचा खर्च आधीच धरा. इंटरनेटच्या दोन लाईन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना ते बाहेर जाऊन बघा, कारण रस्ता खणणाऱ्या जेसीबीला क्लाउड वगैरे काही समजत नाही. बॅकअप परत चढवून बघा, एका शनिवारी, खरोखर, नुसता हिरवा टिक बघून घरी जाऊ नका.

आणि बिलाचा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. कोणीतरी टेस्टिंगला म्हणून मोठं मशीन चालू करतं आणि विसरतं, मीटर मात्र विसरत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, अकाउंट काढताना ते कंपनीच्या मेल आयडीवर काढा. बहुतेक ठिकाणी ते आयटीवाल्या मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर काढलेलं असतं, तो मुलगा पगारावरून वाजून बंगलोरला जातो, आणि त्यानंतर कंपनीच्या सगळ्या डेटाचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर येत राहतो आणि मालक त्याला 'दादा, जरा एवढा नंबर सांगता का' म्हणून फोन करत राहतात.